डिपला दाणे चालतात का?

साताऱ्यात पहाटे साडेपाचला रस्त्यावर पूर्वी दोनच प्रकारची माणसं दिसायची. दूध घालणारी आणि पहिली एसटी गाठणारी. २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि तिसरा प्रकार जन्माला आला: यवतेश्वरच्या घाटात धापा टाकत चढणारा, दर शंभर पावलांना मनगटावरच्या घड्याळाकडं बघणारा आणि ओळखीचं कुणी समोरून आलं की पोट आत घेणारा. मी त्यातला. बँकेच्या नोकरीची चार वर्षं उरली असताना डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नुसता चष्मा पुसला, तेव्हा मी बूट विकत घेतले.

धावल्यानं वजन उतरतं हा पायी न चालणाऱ्या लोकांचा समज आहे. धावल्यानं भूक लागते. घाट उतरून पोवई नाक्यावर आलं की मिसळीच्या कटाचा वास माणसाला नावानं हाक मारतो. म्हणून मग आमच्या ग्रुपात धावण्यापेक्षा खाण्यावर, म्हणजे न खाण्यावर, जास्त बोलणं व्हायचं. काही वर्षांपूर्वी दीक्षितवाले आणि दिवेकरवाले असे दोन तट पडले होते. पहिले दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही पंचावन्न मिनिटांत, आणि दुसरे दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायचे. एका घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर असली की स्वयंपाकघराचं वेळापत्रक एसटी स्टँडसारखं व्हायचं. तो वाद निवतोय तोवर पॅलिओचं पेव फुटलं.

पेव फुटणं हा वाक्प्रचार मी जपून वापरतो, कारण माझी सासुरवाड सांगली आणि तिथं पेव ही वापरायची वस्तू आहे. शेजारच्या हरिपुरात जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं घालवली. मेव्हणा हळदीच्या अडतीत आहे. त्याला मी फोनवर म्हणालो, ‘‘गुहेत राहणाऱ्या माणसासारखं खायचं सुरू केलंय.’’ तो म्हणाला, ‘‘दाजी, आमची हळद सुद्धा भुयारात राहती. तिला सुद्धा एवढं पथ्य नाही.’’

पॅलिओचं म्हणणं थोडक्यात असं. माणसानं लाखो वर्षं शिकार केली, कंदमुळं उकरली, फळं तोडली. शेती आली ती अलीकडं, दहाएक हजार वर्षांपूर्वी, आणि एवढ्या थोडक्या मुदतीत आपल्या शरीराला धान्याची सवय झालेली नाही. वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांनी १९७५ साली हे पुस्तकात मांडलं, २००२ साली लोरेन कॉर्डेन यांनी ‘द पॅलिओ डाएट’ लिहिलं आणि मग ते यवतेश्वरच्या घाटापर्यंत आलं. गहू, ज्वारी, तांदूळ नको. डाळी नकोत. दूध-दही नको. साखर नको. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड, बिया चालतात.

आपल्याकडचा पाषाणयुगातला माणूस नक्की काय जेवायचा, ही मला शंका होती. नेवाशाला प्रवरेच्या काठी डॉ. ह. धी. सांकलियांना त्याची दगडी हत्यारं सापडली. ताट सापडलं नाही. पुढं इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, त्यातली मंडळी मात्र सातू आणि कडधान्यं खात होती. म्हणजे संधी मिळताच पॅलिओ मोडणारी पहिली माणसं शिरूर तालुक्यातली. मी ही माहिती ग्रुपवर टाकली. कुणी अंगठा सुद्धा दिला नाही.

भाकरी सोडणं अवघड गेलं, पण जमलं. खरा घाव शेंगदाण्यानं घातला. शेंगदाणा हा दाणा नसून शेंगेतलं कडधान्य आहे, म्हणून तो चालत नाही, हे कळलं त्या दिवशी मी डबा उघडून कुटाकडं बराच वेळ बघत उभा होतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून शेंगदाणा काढून घेतला तर खालची फोडणी तेवढी उरेल, आणि ती सुद्धा शेंगतेलाचीच. आमटीत कूट, वांग्यात कूट, काकडीत कूट, चटणी कुटाची, उपास कुटाचा. घरात भाजी नसली तर कूट, आणि भाजी असली तर तिच्यात कूट. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेला परका आहे, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, ‘‘मी सुद्धा सांगलीहून आलेय. मला काढताय का डब्यातनं?’’

तर अशा नाजूक दिवसांत मेव्हण्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. गच्चीवर पार्टी ठरली आणि प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा असं ठरलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीनं फोनवर वाटप केलं. ‘‘मामा, तुम्ही डिप आणा. हेल्दी पाहिजे हं.’’

डिप म्हणजे काय, हे मी तिला विचारलं नाही. पन्नाशीनंतर माणूस प्रश्न कमी विचारतो आणि मोबाइल जास्त बघतो. मोबाइलमध्ये जे दिसलं ते एक वाडगं होतं. त्यात पांढरं काहीतरी, आणि भोवती गाजर-काकडीच्या कांड्या, देवळाभोवती भक्त बसावेत तशा. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास कुणीतरी आंबवलेल्या सायीत कांद्याच्या सूपचं कोरडं पाकीट कालवलं आणि घरोघरी त्याचीच पार्टी सुरू झाली, असा त्या वाडग्याचा इतिहास. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायको भाजी निवडत होती. ‘‘पाकिटातली पूड दह्यात कालवायची? मग मेतकूट काय वेगळं असतं?’’ तिनं विचारलं. तिच्या एका वाक्यानं अमेरिकेची सत्तर वर्षं खाली बसली. पण मेतकुटात डाळी, आणि दही म्हणजे दूध. चालत नाही.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात ‘चालतं का’ एवढा एकच विषय होता. अंड्याच्या घरगुती मेयॉनीजला मनाई नव्हती, पण कच्चं अंडं घेऊन सव्वाशे किलोमीटर उन्हातून जायचं आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांना जुलाब लावायचे, हे नात्यात बसत नव्हतं. हरभऱ्याचं हम्मस? हरभरा कडधान्य. चीज? त्याचं नाव सुद्धा काढायचं नाही. काजू भिजवून वाटले की सायीसारखं होतं, असं एका ठिकाणी होतं. बायकोनं किलोचा भाव सांगितला आणि विचारलं, ‘‘एवढ्या पैशाचे काजू वाटून त्यात गाजर बुडवायचं?’’ आमच्यातला पाषाणयुगीन माणूस गप्प बसला. त्याला काजूचा भाव माहीत नव्हता.

तेव्हा मला वांगं आठवलं.

वांग्याच्या बाबतीत सातारकर आणि सांगलीकर यांच्यात न बोलता चाललेला एक जुना तंटा आहे. कृष्णाकाठची वांगी चांगली, यावर दोघांचं एकमत. कुठला काठ, यावर नाही. नदी महाबळेश्वरात उगवते, वाईवरून माहुलीला येते, कऱ्हाडात कोयनेला भेटते आणि मग औदुंबरावरून सांगलीत उतरते, म्हणजे काठ आधी आमचा. सांगलीकर म्हणणार, पाणी वाहत येतं तसा गाळ सुद्धा येतो, आणि चव गाळात असते. कडेगाव तालुक्यात वांगी नावाचं गावच आहे, हा त्यांचा शेवटचा पुरावा. यावर सातारकराला उत्तर नाही.

मंडईत भरताची वांगी हातात तोलून घ्यायची असतात. दिसायला मोठं आणि हाताला हलकं ते घ्यावं, जड असलं तर आत बिया. मी चार घेतली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘भरीत का?’’ मी म्हणालो, ‘‘डिप.’’ त्यांनी दोन मिरच्या वर टाकल्या आणि म्हणाल्या, ‘‘होईल कमी.’’

वांग्यांना सुरीनं टोचे पाडले, टोच्यांत लसणीच्या पाकळ्या खुपसल्या आणि गॅसवर ठेवली. साल काळं पडून फुटायला लागलं की घरात जो वास सुटतो, तो मात्र खरा पाषाणयुगातला असावा. विस्तव आणि त्यावर काहीतरी करपतंय. मी तसं बोललो. बायको म्हणाली, ‘‘पाषाणयुगात गॅस पुसायला कोण होतं?’’ मग भाजलेली वांगी झाकून घाम काढला, साल सोललं, गर ठेचला. इथवर सगळं ओळखीचं होतं. इथून पुढं हात सवयीनं दह्याच्या भांड्याकडं गेला आणि मागं आला. मग कुटाच्या डब्याकडं गेला आणि मागं आला. दोन्ही दारं बंद झालेल्या माणसासारखा मी ओट्यापाशी उभा राहिलो.

तारलं तिळानं. बियांना परवानगी आहे, म्हणजे तीळ, जवस, कारळे सगळे पास. पॅलिओत भाकरी बसत नसली तरी तिच्याबरोबरच्या निम्म्या चटण्या बसतात, ही गोष्ट मला त्या आहाराबद्दल आदर वाटायला लावणारी वाटली. पांढरे तीळ भाजून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटले, लिंबू पिळलं, मीठ, कोथिंबीर, मावशींची मिरची. वरून ऑलिव्हचं तेल. साताऱ्यात ते पूर्वी औषधाच्या दुकानात मिळायचं, तान्ह्या बाळाला लावायला. आता किराणा दुकानात मिळतं आणि पन्नाशीच्या माणसांना लागतं.

भाचीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: ‘वॉव, बाबा गनूश!’ मला वाटलं, ती मला बाबा म्हणतेय. मग कळलं की अरबांकडं वांग्याचं हेच करतात, तिळासकट, आणि त्याचं हे नाव आहे. वांगं आपल्याकडचं. संस्कृतातलं ‘वातिंगण’ पश्चिमेला जाऊन ‘बादिंजान’ झालं आणि आता भरीत होऊन इंग्रजी नावानं साताऱ्याला परत आलं. मधल्या प्रवासात त्याचं दही तेवढं हरवलं.

वाडगं मांडीवर घेऊन मी निघालो. पेठ नाक्यापर्यंत हायवे आहे, तिथवर डिप डिपच राहिलं. नाक्यावरून सांगलीकडं वळल्यावर मात्र त्यानं दोनदा झाकण वर उचललं. गाजराच्या कांड्यांच्या डब्याला काही झालं नाही. गाजराला काहीच होत नाही, हा त्याचा दोष आहे.

गच्चीवर टेबल मांडलं होतं. एका टोकाला भडंगाची परात, मग समोसे, भेळेचं सामान, खाली जेवणात मटण, पुऱ्या, श्रीखंड. मधोमध माझं वाडगं. माणसं येत होती, वाडग्याकडं आदरानं बघत होती आणि भडंग घेऊन पुढं जात होती. मेव्हण्याच्या पेठेतल्या मित्रांनी ते सजावट म्हणून धरलं असावं.

मग मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या गल्लीत उपासाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. उपासाला जिरे चालतात, मोहरी नाही. मिरची चालते, हळद नाही. सांगलीत राहून, हळदीवर चाललेल्या घरात, हळद चालत नाही असा निकाल गेली पन्नास वर्षं देणाऱ्या बाईचा अधिकार काय असेल, याचा विचार करा. चतुर्थीच्या दिवशी शेजारणी भाजी दाखवायला येतात आणि मामी नुसती मान हलवतात.

त्यांनी गाजराची एक कांडी उचलली, बुडवली, खाल्ली आणि डोळे मिटले.

‘‘भरीत ब्येस झालंय, पाव्हणं. दही घालायचं ऱ्हायलं.’’

‘‘दही चालत नाही, मामी.’’

हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी खुर्ची ओढली. इतका वेळ पार्टी त्यांची नव्हती. आता झाली.

‘‘कशाला चालत नाही?’’

मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि उलटतपासणी सुरू केली.

‘‘दाणं?’’

‘‘नाही.’’

‘‘दाणं तर उपासाला चालत्यात. साबुदाणा?’’

‘‘तो कंदाचा होतो, म्हणून काही जण चालतो म्हणतात.’’

‘‘म्हंजे खिचडी निम्मी चालती. वरी?’’

‘‘धान्य आहे. नाही.’’

‘‘राजगिरा?’’

‘‘नाही.’’

‘‘बटाटा?’’

‘‘त्याच्यावर वाद आहे.’’

‘‘कुणाकुणात?’’

‘‘अमेरिकेत.’’

‘‘बरं. तूप?’’

‘‘दूध नाही, पण तूप चालतं म्हणणारे आहेत.’’

‘‘म्हशीशी भांडण आणि तुपाशी सोयरीक,’’ मामी म्हणाल्या. वहिनींच्या माहेरची माणसं आता खुर्च्या घेऊन जवळ सरकली होती. मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. सगळे पुरावे त्यांनी मनात एका ओळीत मांडले असावेत. मग म्हणाल्या, ‘‘थांबा. म्हंजे नांगरून पेरलेलं काहीच नको, असंच की नाही?’’

‘‘हो. शेती यायच्या आधीचं.’’

‘‘अवो, मग ही ऋषिपंचमी हाय!’’

मी वाडग्याकडं बघितलं. अर्धा तास घाटात धावून जे कळलं नव्हतं ते खुर्चीत बसून सुटलं होतं. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आमच्या आईचाही हाच स्वयंपाक असायचा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही खायचं नाही. अळू, माठ, सुरण, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणूस, जे परसात आपोआप किंवा हातानं लावून आलं ते सगळं एका भांड्यात. ना नांगर, ना मोट. मी लहानपणी दर वर्षी त्या भाजीपुढं बसून आदल्या दिवशीचे मोदक शिल्लक आहेत का विचारायचो. म्हणजे पॅलिओ मी आठव्या वर्षापासून करत होतो आणि तेव्हा सुद्धा चोरून मोडत होतो.

‘‘पण ती बायकांची असती,’’ मामी म्हणाल्या. ‘‘पुरुषांनी केल्याचं मी ऐकलं नाही. चालत असंल.’’

इथं मेव्हण्यानं तोंड घातलं. तो सकाळपासून गप्प होता, कारण पार्टी त्याच्या लग्नाची होती. ‘‘आई, मुद्दा बैलाचाच हाय ना? आपल्या कसबे डिग्रजच्या रानात बैल येऊन वीस वर्षं झाली. नांगरट ट्रॅक्टरची, पेरणी ट्रॅक्टरची, मळणी मशीनची. बैलाचा घाम कुठंच नाही. म्हंजे आपला गहू ऋषिपंचमीला चालतो. पुरणपोळी चालती!’’

गच्चीवर शांतता झाली. पेठेत वीस वर्षं सौदे केलेला माणूस बोलत होता आणि त्याच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तर पुऱ्याच आल्या. दगडी कुऱ्हाड घेतलेल्या माझ्या पूर्वजाला ट्रॅक्टरची हरकत असायचं कारण नव्हतं. त्यानं तो पाहिलाच नव्हता.

मामींनी भाचीकडं वळून विचारलं, ‘‘ट्रॅक्टर कशावर चालतो गं?’’

‘‘डिझेलवर, आज्जी.’’

‘‘आणि डिझेल कशाचं?’’

‘‘जमिनीखाली असतं. खूप जुने मेलेले जीव गाडले गेले, त्यांचं तेल होतं.’’

‘‘मग त्यात बैल नव्हता कशावरनं?’’

भाची इंजिनिअर आहे. ते जीव समुद्रातले बारीक-बारीक होते आणि बैल त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आला, हे तिनं सांगायचा प्रयत्न केला. पण मामींचा निकाल लागला होता आणि वरचं कोर्ट त्या गल्लीत नाही. गहू चालत नाही. ऋषिपंचमीला नाही, मलाही नाही. मेव्हणा माझ्याकडं बघून म्हणाला, ‘‘दाजी, मी केला प्रयत्न.’’

या सगळ्या सुनावणीत वाडगं मात्र रिकामं झालं होतं. कसं, ते नंतर कळलं. पेठेतल्या मित्रांपैकी कुणीतरी चमचाभर भरीत भडंगाच्या बशीत घेऊन कालवलं, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि मग परातीतलं भडंग आणि वाडग्यातलं डिप एकदमच संपलं. भडंगात तळलेले दाणे असतात. चार दिवस मी ज्यांना भांड्याबाहेर ठेवलं ते शेवटी बाहेरूनच आत आले. गाजराच्या कांड्या तेवढ्या शिल्लक राहिल्या. वहिनींनी दुसऱ्या दिवशी त्या किसून कोशिंबीर केली. वरून कूट.

रात्री निघताना पाया पडलो तेव्हा मामींनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘किती दिवसांचं घेतलंय?’’

‘‘काय?’’

‘‘व्रत. ठरवलं नाही? उद्यापन कधी?’’

एवढ्या वाचनात हा मुद्दा मला कुठंच भेटला नव्हता. व्होग्टलिननी उद्यापन सांगितलेलं नाही, कॉर्डेननी सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकन माणूस आहार सुरू करतो, मोडतो आणि दुसरा सुरू करतो. तो विधिवत संपवायचा असतो, हे त्याला सुचत नाही. मामींनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, बोटानं रकाने मोजले आणि एक रविवार काढला. सप्तर्षी सात, म्हणून सात माणसं जेवायला बोलवायची. सातही त्याच व्रताची पाहिजेत. डिग्रजच्या रानातला शाळू त्या पाठवतील, भाकरी माझ्या बायकोनं करायच्या आणि भरीत मी. दही घालून.

ग्रुपमध्ये विचारलं तर पॅलिओवाले सहा निघाले आणि सहाही इतक्या चटकन तयार झाले की मला त्यांच्या निष्ठेबद्दल शंका आली. सातवा आहे, पण तो गेल्या महिन्यात कीटोवर गेलाय. तो चालतो का, हे मामींना विचारायचं राहिलंय.